काकू, तुम्ही दिलेला दाखला

काकू, आज तुमचा दहावा झाला. मी इथे आयर्लंडमध्ये, गॉलवे गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. नाशिकला गोदेच्या काठावर काय काय झालं ते तुमच्या वरच्या खोलीतल्या वैशालीनं फोनवर सांगितलं. कावळा शिवेना म्हणे. तुमच्या प्रकाशदादांनी हात जोडून सांगितलं, आई, घर विकणार नाही. कावळा ढिम्म. मग सांगितलं, नातवाच्या शिक्षणात काही कमी पडू देणार नाही. तरी नाही. शेवटी वैशाली पुढे झाली आणि म्हणाली, "काकू, वरच्या पोरींचं दार दर दोन दिवसांनी मी वाजवीन." तेव्हा कुठे तो खाली उतरला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि त्यावरून आपली खडाजंगीही झालेली आहे. पण हे ऐकल्यावर मी मोठ्यांदा हसले, आणि मग फोन ठेवून बराच वेळ रडत बसले.

सिंधूकाकू म्हणजे मखमलाबाद रोडवरच्या आमच्या घरमालकीण, असं मी इथे कुणाला सांगते तेव्हा माझं मलाच ते अपुरं वाटतं. तुम्हाला तर 'मालकीण' हा शब्दच खपायचा नाही. "मालकीण गाईम्हशींची असती. तुम्ही काय गोठ्यात बांधलेल्या हाय का?" असं म्हणायच्या. खाली तुम्ही एकट्या. वर तीन खोल्या, आणि त्यांत कळवण, सुरगाणा, सटाणा अशा ठिकाणांहून नाशिकला शिकायला आलेल्या सहा मुली. तुम्ही स्वतः सायखेड्याच्या, सातवी शिकून, लग्न होऊन नाशिकला आलेल्या. पुढे शिकायची तुमची इच्छा होती. पण सायखेड्याहून रोज जाऊ कोण देणार आणि नाशिकला ठेवून कोण घेणार, एवढ्यावरच तुमची शाळा संपली. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, मेथी निवडता निवडता, आणि लगेच मेथीत माती किती येते त्यावर घसरलात.

आपली पहिली भेट आठवते? बापू, म्हणजे माझे वडील, आणि मी कळवणहून एसटीनं आलो होतो. मला बीएस्सीला प्रवेश मिळाला होता आणि कॉलेजजवळच्या सगळ्या खोल्या बघून आम्ही हात टेकले होते. तुमची खोली बापूंना आवडली. ते खिशात हात घालून विचारायला लागले, अनामत किती द्यायची. तुम्ही म्हणालात, "ते ऱ्हाऊ द्या. आधी मी तुमचं घर बघून येते."

बापूंना वाटलं आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. "आमचं घर? ताई, खोली आम्हाला पायजे."

"व्हय. पण पोरगी मला ठेवून घ्यायची हाय ना. मग ती कोणत्या घरातून येती ते नको का बघायला?"

आणि पुढच्या रविवारी तुम्ही खरंच आलात. एसटीनं कळवणपर्यंत, तिथून बापूंच्या मोटारसायकलवर मागे बसून आमच्या मळ्यात. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत बिस्किटांचे दोन पुडे. आमच्या गावानं अशी रीत कधी पाहिलेली नव्हती. नाशिकहून एक बाई मुलीचं घर बघायला येते म्हटल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ काढला. शेजारच्या सुमनमावशीनं मला जबरदस्तीनं काठाची साडी नेसवली. थोरल्या काकांना बोलावून घेतलं, कारण असल्या बैठकीला घरातलं मोठं माणूस हवं. काकांनी टोपी नीट केली, घसा साफ केला आणि तुम्हाला विचारलं, "मुलगा काय करतो?"

तुम्ही जराही गोंधळला नाहीत. म्हणालात, "मुलगा पुण्याला हाय, त्याला दोन लेकरं हाय. मी पोरीला शिकायला न्यायला आलेय." काकांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. पुढे कितीतरी दिवस ते गावात सांगत होते, आमच्या जयश्रीला शिक्षणाचं स्थळ आलं.

त्या दिवशी तुम्ही घर पाहिलंत म्हणजे काय पाहिलंत, ते मला तेव्हा कळलं नाही. कांद्याच्या चाळीला लागून असलेल्या खोलीत माझं टेबल होतं, तिथे उभं राहून तुम्ही खिडकीतून उजेड किती येतो ते पाहिलंत. आईनं दिलेला चहा प्यायलात. निघताना उंबऱ्यावर चप्पल घालत म्हणालात, "पाठवा पोरीला." झालं. अनामत शेवटपर्यंत घेतली नाहीत. नाशिकमध्ये तुमच्याकडे खोली मिळणं म्हणजे काय चीज होती, ते आम्हाला कॉलेजात कळलं. "मी सिंधूकाकूंकडे राहते" म्हटलं की इतर मुली जरा सरकून बसायला जागा करायच्या. आम्हीही मग मान ताठ करून बसायचो.

राहायला गेल्यावर मात्र तुमच्या दुसऱ्या रिवाजानं माझ्या नाकी नऊ आणले. दर दोन दिवसांनी, संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की तुम्ही जिना चढायच्या. गुडघे दुखायचे, त्यामुळे पायरीगणिक तुमचं "अगं आई गं" ऐकू यायचं. मग दारावर दोन थापा.

"जयू, बरी हायेस का?"

"बरी आहे, काकू."

"उघडून सांग."

बाकीच्या मुली उघडायच्या, दोन शब्द बोलायच्या, कुणी तुमच्या गळ्यात पडायचं. मी आतूनच उत्तर द्यायची. मला ते चौकीदारासारखं वाटायचं. तिसऱ्या वर्षी एकदा मी दार उघडून तुम्हाला चांगलं सुनावलं होतं. म्हटलं, काकू, मी आता लहान नाही. माणूस दार लावून बसतं त्याला काहीतरी अर्थ असतो.

"आसतो ना," तुम्ही म्हणालात. "त्योच बघायला येते मी."

मी दार लावून घेतलं. जोरात लावलं. तुम्ही दाराबाहेर तशाच उभ्या राहिलात, आणि बंद दारातूनच म्हणालात, "तुझ्या घरी आले तवा तुझ्या आईच्या अंगात ताप होता. कप घेताना बोटाला बोट लागलं, चटका बसला मला. इचारलं तर म्हणे, काय नाय. अन् तू शेजारी उभी राहून म्हणालीस, आईला काय नाय. बरं हाय म्हणायची सवय हाय तुमच्या घरात."

मी आत उभी होते. आईला त्या दिवशी ताप होता, हे मला ठाऊकच नव्हतं. मी दार उघडलं नाही. आपलं ते भांडण तिथेच राहिलं.

मग नाशिकलाच दोन वर्षं नोकरी केल्यावर अन्नसूक्ष्मजीवशास्त्राच्या एमएस्सीसाठी मला इथे गॉलवेला प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले गेले, व्हिसा झाला, सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार होते. अडलं ते एकाच गोष्टीवर. राहायला जागा नव्हती. या देशात घरांची इतकी टंचाई आहे की मुलं महिना महिना मित्रांच्या सोफ्यावर काढतात, हे बापूंना कुणीतरी सांगितलं होतं. बापू शांतपणे म्हणाले, "पत्ता हातात आल्याशिवाय पोरगी विमानात बसणार नाय." आईनं त्यांना समजावलं नाही. मी ओळखलं, हे फिरणार नाहीत. जागा नाही तर जाणं नाही.

तो सगळा ऑगस्ट मी तुमच्या व्हरांड्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन काढला. इंटरनेट कळवणपेक्षा तुमच्याकडे बरं चालायचं, म्हणून नोकरी सोडून गावी गेलेली मी पुन्हा नाशिकला येऊन राहिले होते. रोज दहा-पंधरा जणांना लिहायची. उत्तर येत नसे. आलं तर, जागा गेली. कुणाला तिथल्या तिथे येऊन खोली बघणारं माणूस हवं, कुणाला तिथल्या नोकरीचा कागद हवा. एका गृहस्थानं मात्र लगेच होकार दिला. फोटो पाठवले, सुंदर खोली, आणि आगाऊ पैसे मागितले. मी हुरळून गेले. तुम्ही चष्मा लावून फोटो बघितलात आणि म्हणालात, "ह्यो पडदा काल पण बघितला."

"कुठे?"

"ते दुसऱ्या बाईनं पाठवलं होतं ना, तिच्या घरात. ह्येच निळं फूल. अन् खाली ह्याच कोपऱ्यात उसवल्याला."

मी आदल्या दिवशीचे फोटो उघडले. तोच पडदा, तोच उसवलेला कोपरा, गाव मात्र वेगळं. खोली त्या माणसाची नव्हतीच. आम्ही सगळ्या शिकलेल्या पोरी त्या फोटोत फरशी, उजेड, शहर बघत होतो, आणि तुम्ही पडद्याची शिलाई बघितलीत.

शेवटी ऑगस्ट सरत आला तेव्हा मॉरीनची जाहिरात दिसली. एक वयस्कर बाई, एकटी राहणारी, घरातली वरची खोली एका विद्यार्थिनीला देणार होती. तिची अट वेगळीच होती. फॉर्म नकोत, बँकेची कागदपत्रं नकोत. आधी जिच्या घरात राहिलात त्या व्यक्तीनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र हवं. कोणत्याही भाषेत चालेल, सोबत इंग्रजी भाषांतर द्या.

मी तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही हातातलं लाटणं बाजूला ठेवलंत. "म्हंजे माझं पत्र? त्या बाईला?"

"हो काकू. तुमच्या अक्षरात."

तुम्ही हात पदराला पुसलेत, पण तेवढ्यानं समाधान झालं नाही, उठून साबणानं धुतलेत. सातवीनंतर किराण्याची यादी सोडली तर तुम्ही काही लिहिलं नव्हतं. ते दीड पान लिहायला तुम्हाला दोन दिवस लागले. मी म्हटलं, काकू, फक्त चांगलं चांगलं लिहा, असल्या पत्रांत तसंच लिहायचं असतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते अजून आठवतं. "नुसतं चांगलं लिहिलं तर ती म्हणंल, ही बाई एकतर खोटारडी हाय नायतर आंधळी."

ते पत्र मला पाठ आहे. तुमच्या बोलण्यासारखं नव्हतं ते, शाळेतल्या बाईंनी शिकवलं तशा शुद्ध भाषेत तुम्ही लिहिलं होतंत. "सप्रेम नमस्कार. जयश्री माझ्या घरी पाच वर्षे राहिली, तीन कॉलेजची व दोन नोकरीची. मी बसने जाऊन तिचे घर स्वतः पाहिले आहे. माणसे कष्टाची आहेत, घर स्वच्छ आहे. मुलगी अभ्यासू आहे, खोटे बोलत नाही. गिझर बंद करायला विसरते. दूध उतू घालवते व पुसत नाही. मोठ्यांना उलट बोलते, पण नंतर तिला वाईट वाटते. मी तिला पुन्हा ठेवून घेईन." आणि मग शेवटची ओळ. "ही मुलगी स्वतःची अडचण कधीच सांगत नाही, आजारी असली तरी सांगत नाही, म्हणून दर दोन दिवसांनी तिचे दार वाजवावे."

भाषांतर करताना मी गिझर ठेवला. दूध ठेवलं. उलट बोलणंही ठेवलं, त्यात जरा गंमत होती. शेवटची ओळ गाळली. मला लाज वाटली, काकू. मी समुद्रापलीकडे स्वतंत्र राहायला चालले होते, आणि तिथेही माझं दार वाजवा असं मी स्वतःच्या हातानं टाइप करायचं? तुमच्या अक्षरातलं पत्र आणि माझं भाषांतर मी एकत्र पाठवून दिलं. मॉरीनला मराठी येणार नव्हतंच.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "समदं लिहिलंस ना? शेवटची ओळ पण?"

"हो काकू."

तुम्ही पत्रात 'खोटे बोलत नाही' लिहून अजून एक दिवसही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मी व्हरांड्यात मोठ्यानं वाचलं, सगळ्या मुली जिन्यावर बसून ऐकत होत्या. मॉरीननं लिहिलं होतं की आजवर तिच्याकडे ढिगानं पत्रं आली, सगळ्यांत मुलं देवासारखी. भाडेकरूचं घर बघायला बसनं जाणारी बाई तिनं पहिल्यांदा ऐकली, आणि अशा बाईनं पारखलेली मुलगी तिला हवी आहे. खाली पत्ता. मी तो पत्ता बापूंना फोनवर सांगितला, त्यांनी तो दोनदा म्हणून दाखवला आणि म्हणाले, "बॅग भर." तुम्ही आत गेलात, देवापुढे साखर ठेवलीत, आणि बाहेर येऊन भाजीवालीला थांबवून सांगितलंत, "माझ्या पत्रावर पोरगी आयर्लंडला चाललीये." भाजीवालीनं विचारलं, ते कुठं आलं? तुम्ही म्हणालात, "लांब हाय. पण तिथल्या बाईला माझं अक्षर आवडलं."

त्यानंतर तुमचा भाव काय वाढला होता, काकू. पुढच्या वर्षी वरच्या खोलीतली आणखी एक मुलगी जर्मनीला गेली, ती तुमचं पत्र घेऊन. मग शेजारच्या गल्लीतली मुलगी आली, तिलाही पाहिजे म्हणून. तिला तुम्ही परत पाठवलंत. "तू माझ्याकडं राहिली नाय, तुझं दार मी वाजवलं नाय. कसं लिहू?" मला फोनवर हे सांगताना तुमच्या आवाजात एखाद्या हेडमास्तरांचा रुबाब होता. मी इथल्या मैत्रिणींना हे किस्से सांगायची आणि मनातल्या मनात फुगायची.

मॉरीनचं घर समुद्रापासून दहा मिनिटांवर आहे. माझी खोली वर, लाकडी जिना चढून. पहिल्या आठवड्यात दुसऱ्याच संध्याकाळी दारावर दोन टकटक झाली. "जयश्री, ठीक आहेस ना?" मी आतून म्हटलं, ठीक आहे. दोन दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. मला वाटलं, ही इथल्या लोकांची रीत असेल, शिष्टाचार पाळणारे लोक आहेत. तुम्हाला मी फोनवर तक्रार केली होती, आठवतं? म्हटलं, काकू, इथली बाईपण दार वाजवते, जगातल्या सगळ्या घरमालकिणी सारख्याच. तुम्ही खूप हसलात. नंतर म्हणालात, "वाजवू दे गं. त्यांच्या गावची रीत आसंल."

पहिल्या थंडीत मला ताप आला. तीन दिवस पडून होते. आईला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. मॉरीननं दार वाजवलं, मी आवाज शक्य तेवढा खणखणीत काढून म्हटलं, ठीक आहे.  सकाळी दाराबाहेर झाकलेलं गरम सूप आणि तापाच्या गोळ्या होत्या. मी ते घेतलं, आभार मानले, आणि फक्त सर्दी झाली होती म्हणून सांगितलं. पदवी मिळाली, नोकरी लागली, खोली मी तीच ठेवली. दोन वर्षं ती दार वाजवत राहिली आणि दोन वर्षं मी बंद दारातून उत्तर देत राहिले.

आता तुमच्यावर रागावू का, काकू? थोडं रागावते. गेल्या महिन्यात तुमचा आवाज बसलेला होता. मी विचारलं तर म्हणालात, "काय नाय, जरा खोकला." आमच्या घराला नावं ठेवणारी बाई तुम्ही. पण तुमच्याकडे राहिलेल्या पोरी तुमच्याच तालमीतल्या. एका संध्याकाळी तुम्ही जिना चढून आला नाहीत, तर वैशाली आणि बाकीच्या पाचजणी खाली उतरल्या आणि त्यांनी तुमचं दार वाजवलं. आतून तुम्ही म्हणालात, बरी हाय. वैशाली म्हणाली, "काकू, उघडून सांगा." त्यांनी तुम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, प्रकाशदादा पुण्याहून पोचेपर्यंत आळीपाळीनं उशाशी बसल्या. न्यूमोनिया फार पुढे गेला होता. चार दिवस तुम्ही झुंजलात. त्या चार दिवसांत एकदाही तुम्ही एकट्या नव्हतात. नर्सनं विचारलं होतं म्हणे, एवढ्या मुली, या सगळ्या तुमच्या कोण? तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणालात, "मी यांची घरं बघितलीत."

मला बातमी कळली ती इथल्या सकाळी. मी प्रयोगशाळेत निघाले होते. वैशालीशी बोलले, फोन ठेवला, आणि गेले कामाला. दिवसभर नमुने तपासले, कुणाला काही सांगितलं नाही. एकीनं विचारलं, बरी आहेस ना, तर म्हटलं हो. संध्याकाळी घरी आले, वर जाऊन दार लावलं आणि कोट न काढता पलंगावर बसले.

थोड्या वेळानं दारावर दोन टकटक झाली. "जयश्री, ठीक आहेस ना?"

तोंडाशी आलेलं 'ठीक आहे' तुमचा 'उघडून सांग' म्हणणारा आवाज आठवून अडलं. मी उठले, कडी काढली, दार उघडलं आणि म्हणाले, "नाही. माझ्या काकू गेल्या."

मॉरीननं मला धरून खाली नेलं. चहा केला. मी तुमच्याबद्दल बोलत होते आणि ती ऐकत होती, आणि मधेच ती उठली, स्वयंपाकघरातला मेणबत्त्या आणि जुन्या चाव्यांचा खण उघडून तिनं एक लिफाफा काढला. भारतीय तिकिटं. पत्ता वैशालीच्या अक्षरात. ती म्हणाली, "हे तू येण्याच्या आदल्या आठवड्यात आलं. तुला सांगू नको असं त्यांनी बजावलं होतं. आता सांगायला हरकत नसावी."

आतलं इंग्रजी वैशालीचं होतं, बोलणं मात्र तुमचं. "बाई, जयश्रीने माझ्या पत्राचे इंग्रजी केले त्यात शेवटची ओळ नाही. मी दुसऱ्या मुलीकडून वाचून घेतले. ती विसरली नाही, तिने मुद्दाम गाळली. तिच्यावर रागावू नका, मी पण रागावले नाही. ओळ अशी आहे, की ही मुलगी स्वतःची अडचण सांगत नाही, म्हणून दर दोन दिवसांनी तिचे दार वाजवावे. आतून ठीक आहे म्हणाली तरी वाजवणे सोडू नका. एक दिवस उघडून सांगेल. तिला वाटू द्या की ही तुमच्या गावची रीत आहे." खाली तुमची सही, मराठीत, पूर्ण नावानिशी. ते नाव मॉरीनला वाचता आलं नव्हतं, पण तिनं तो कागद जपून ठेवला होता.

मी तुम्हाला फसवलं, असं दोन वर्षं मला वाटत होतं, आणि तुम्हाला कसं सांगावं याची वाक्यं मी मनात जुळवत होते. तुम्ही सगळं जाणून होतात, फोनवर हसत होतात. मॉरीन गप्प राहिली. वैशाली तर रोज माझ्याशी बोलूनही गप्प राहिली, तिला नाशिकला आल्यावर बघून घेते. सातवी शिकलेल्या एका बाईनं नाशिकच्या व्हरांड्यात बसून या समुद्राकाठच्या गावात एक रीत सुरू केली आणि ती इथलीच आहे असं मला पटवलं. मला तुमचा फार अभिमान वाटतो, काकू. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, गिझर बंद केलास का आधी.

तुम्ही विचारलं होतंत ना, शेवटची ओळ पण लिहिली का. आज खरं उत्तर देते. नव्हती लिहिली. आता लिहिली आहे, तुमच्या दाखल्याच्या इंग्रजी प्रतीखाली, माझ्या अक्षरात, आणि तो कागद मॉरीनला दिला आहे. तिनं तो लिफाफ्यात घालून खणात ठेवला.

मॉरीननं परवा दार वाजवलं होतं. म्हणजे आज दोन दिवस झाले. खाली तिची भांडी आवरल्याचा आवाज येतो आहे, थोड्या वेळात ती जिना चढेल. तिचेही गुडघे दुखतात. आज मी बरीही नाही आणि अगदी वाईटही नाही, काकू. पण जे आहे ते उघडून सांगणार आहे.